तंबोरा लावण्यापुरतें शास्त्र

घरांतील एखाद्या मुलाला चित्रें काढण्याचा नाद असला, कीं पूर्वीं वडील माणसांपुढें प्रश्न एवढाच असे कीं, या नादानें पुढें त्याचें पोट भरेल काय? हल्लीं त्या जुन्या प्रश्नाला एक नवा प्रश्न येऊन मिळाला आहे. मुलें आतां कागद बाजूस ठेवून कांचेच्या पाटीवर चित्रें काढतात. कुंचला, रंगपेटी व पाण्याचें भांडें यांच्या जागीं शाई नसलेली एक लेखणी आली आहे. आणि त्या पाटीच्या पोटांत गणित व पदार्थविज्ञान ठांसून भरलेलें आहे. तेव्हां अशा चित्रकारानें त्या गणिताचा व विज्ञानाचा अभ्यास किती करावा? मुळींच करूं नये, कीं आधीं तो पुरा करून मगच लेखणी हातीं धरावी? हा प्रश्न आमच्याच घरांत अशा रीतीनें उभा राहिला कीं, त्याचा कांहीं तरी निकाल लावल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या थोरल्या वहिनींचें सहस्रचंद्रदर्शन गेल्या मार्गशीर्षांत झालें. निमंत्रणपत्रिकेवर बाजारांतील तयार चित्र घालण्यापेक्षां घरचेंच चित्र असावें असें सर्वांच्या मनांत आलें, आणि तें काम साहजिकच वहिनींच्या नातीकडे गेलें. मुलगी बारावींत, चित्रांचा हात लहानपणापासून चांगला, आणि कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज पुढच्याच महिन्यांत भरावयाचा. तिनें पांच रात्री जागून चित्र काढलें. आमच्या जुन्या वाड्याचा चौक, मधोमध तुळशीवृंदावन, आणि निळें नारायणपेठी लुगडें नेसून तेथें दिवा लावीत असलेल्या वहिनी. तें लुगडें आमच्या कैलासवासी बंधूंनीं घेतलेलें. वर्षांतून एकदोनदांच तें पेटींतून बाहेर निघतें. पाटीवर तें चित्र असें झळकत होतें कीं, पाहणाऱ्यानें क्षणभर बोलणें विसरावें. मुलीनें तें मोबाईलवरून छापखान्यास पाठविलें.

समारंभास दहा दिवस उरले असतां दोनशें पत्रिका छापून आल्या. लुगड्याचा निळा रंग जांभळट व मळकट झाला होता. तुळशीच्या पानांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. दिव्याभोंवतींच्या प्रभेंत चौकोनी डाग पडले होते. फिरून छापण्यास वेळ नव्हता. त्याच पत्रिका वांटल्या गेल्या. आलेल्या मंडळींपैकीं कोणाच्या तें लक्षांतही आलें नाहीं. परंतु जिच्या लक्षांत यावयाचें तिच्या आलें. समारंभ पार पडल्यावर मुलीनें आपली पाटी कपाटांत ठेवून दिली आणि आईस सांगितलें, "अर्ज मी भरत नाहीं. मला हें येत नाहीं."

यावर घरांत दोन पक्ष पडले. मुलीचा काका, म्हणजे आमचा पुतण्या, इंजिनियर आहे. त्याचें म्हणणें असें कीं, ज्याला आपलें साधन कळत नाहीं त्यानें साधन वापरूंच नये. प्रकाशाचें विज्ञान, संगणकाचें गणित, रंगमापनाचें शास्त्र हें सर्व आधीं पक्कें करावें व मग चित्रास हात घालावा. त्यानें तीन जाडजूड ग्रंथ आणून मुलीच्या टेबलावर ठेवलेही. मुलीची आत्या शाळेंत चित्रकला शिकविते. तिचें म्हणणें अगदीं उलट. चित्रकार डोळ्यानें शिकतो. डोक्यांत आंकडे शिरले कीं हात जड होतो. छापण्याचें काम छापखान्याचें, त्याची चिंता चित्रकारानें कां करावी? दोघांचेंही त्या मुलीवर प्रेम आहे, आणि दोघांच्याही म्हणण्यांत निम्में सत्य आहे. परंतु काकाचें ऐकलें तर ती तीन ग्रंथांच्या उंबरठ्यावरूनच परत फिरणार, आणि आत्याचें ऐकलें तर पुढच्या पत्रिकेंतही लुगडें जांभळेंच होणार, हें आम्हांस स्पष्ट दिसत होतें.

अशा वेळीं आम्हांस गवयाचा दृष्टांत नेहमीं उपयोगी पडतो. गवयाला तंबोरा लावतां आलाच पाहिजे. जव्हारीवर तारेखालीं सुताचा दोरा कोठें सरकविला असतां तार बोलूं लागते, हें त्याला कानानें व बोटानें ठाऊक असावें लागतें. तें काम दुसऱ्यावर टाकणारा गवई मैफलींत फसतो. परंतु तंबोरा घडवितां यावा अशी अपेक्षा कोणी त्याच्याकडून करीत नाहीं; तें मिरजेच्या कारागिरांचें काम, आणि त्याला एक आयुष्य लागतें. आणि वांकड्या जव्हारीमुळें तारेंतून इतके उपस्वर कां उमटतात, याचा विचार करण्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारखा पदार्थवैज्ञानिक लागला. त्यांनीं १९२१ च्या सुमारास तंबोरा व वीणा यांवर संशोधन प्रसिद्ध केलें. लावणारा, घडविणारा आणि कारण शोधणारा, असे हे तीन अधिकार आहेत. आमचा पुतण्या मुलीला तिसऱ्या अधिकारापासून आरंभ करावयास सांगत होता. आत्या पहिल्याचीही गरज नाहीं म्हणत होती. आमचें मत असें कीं, पहिला अधिकार चित्रकारास चुकविण्यासारखा नाहीं. दुसरा व तिसरा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

आतां लावण्यापुरतें शास्त्र म्हणजे नेमकें किती, हें कसें ठरवावें? त्यासाठीं आम्हीं एक साधी कसोटी लावून पाहिली. ज्या गोष्टीच्या अज्ञानामुळें काम बिघडतें, आणि बिघडल्यावर कां बिघडलें हेंही करणाऱ्यास समजत नाहीं, ती गोष्ट अवश्य शिकावी. मुलीचें दुःख पत्रिका वाईट छापली गेली एवढेंच नव्हतें. आपलें काय चुकलें हें तिला उमगत नव्हतें, आणि म्हणून तिनें सगळाच दोष आपल्या हाताला लाविला. हात निर्दोष होता. चूक तीन ठिकाणीं होती, आणि तिन्ही चुका एका संध्याकाळीं समजण्याजोग्या होत्या.

पहिली गोष्ट ठिपक्यांची. आमच्या भगिनीवर्गास ही फोड करून सांगण्याची गरजच नाहीं. दुसुती कापडावर फुल्या घालून ज्यांनीं कधीं राघूमैना भरल्या आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं, राघूची चोंच कितीही गोल मनांत आणली तरी कापडावर ती पायऱ्यापायऱ्यांनींच वळते; घरें जितकीं बारीक तितकी ती गोल भासते. संगणकावरील चित्र असेंच घराघरांचें असतें. त्यांतील एकेका घराला पिक्सेल म्हणतात. अशा प्रकारें यंत्रांत उतरविलेलें पहिलें छायाचित्र अमेरिकेंत रसेल किर्श या संशोधकानें १९५७ सालीं तयार केलें. तें त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाचें होतें, आणि त्याचीं घरें आडवीं १७६ व उभीं १७६, म्हणजे सारीं मिळून ३०,९७६ होतीं. तान्ह्या मुलाचा चेहरा तेवढ्यांत ओळखूं येतो. परंतु पापण्यांचे केस मोजतां येत नाहींत.

आमच्या नातीच्या चित्राला आडवीं १०८० घरें होतीं. मोबाईलच्या पडद्याला तीं भरपूर. पत्रिका नऊ इंच रुंद. म्हणजे इंचाला १२० घरें पडलीं. माणसाच्या निरोगी डोळ्याला साधारणपणें एका कलेचें, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचें, अंतर निराळें दिसतें. हातभर अंतरापेक्षां जवळ, सुमारें ३० सेंटिमीटरांवर, धरलेल्या कागदावर हें अंतर मिलिमीटरच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढें होतें. म्हणजे इंचांत सुमारें तीनशें ठिपके असले तर ते निरनिराळे न दिसतां एकजीव दिसतात. छापखान्यांत तीनशेंचा जो आंकडा सर्वत्र ऐकूं येतो, त्याचें मूळ हें. ज्यानें तो आंकडा नुसता पाठ केला तो भिंतीवरच्या मोठ्या फलकालाही तीनशेंच घालतो आणि यंत्र बंद पाडतो. ज्याला कारण समजलें तो म्हणतो, हा फलक दहा हातांवरून पाहावयाचा आहे, येथें शंभर देखील पुष्कळ झाले. आंकड्यापेक्षां कारण लक्षांत ठेवणें सोपें असतें, असा आमचा अनुभव आहे. पत्रिकेला २७०० घरें हवीं होतीं. आणि तीं चित्र काढण्यापूर्वींच आंखून घ्यावयास हवीं होतीं. मागाहून घरें वाढवितां येतात, परंतु त्यांत भरावयास नवें कांहीं नसतें.

दुसरी गोष्ट उजेड व शाई यांच्यामधील भेदाची. पडद्यावरील रंग म्हणजे रंगीत दिव्यांचा प्रकाश होय. तांबडा, हिरवा व निळा हे तीन प्रकाश कमीजास्त मिसळून बाकीचे सर्व रंग होतात. हें तत्त्व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८६१ सालीं लंडनमध्यें तीन रंगांच्या कांचांतून छायाचित्रें पडद्यावर टाकून दाखविलें होतें. प्रत्येक प्रकाशाच्या शून्यापासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या धरल्या म्हणजे १,६७,७७,२१६ रंग होतात. येथें मिसळणें म्हणजे उजेड वाढविणें. कागदावर याच्या उलट घडतें. शाई स्वतः प्रकाशत नाहीं. ती कागदावर पडलेल्या उजेडांतला कांहीं भाग गिळते व उरलेला परत पाठविते. म्हणून शाया जितक्या मिसळाव्या तितका रंग गडद व मंद होत जातो. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला, तेथें एकेका रंगासाठीं निराळी शिळा तयार करीत व एकावर एक ठसे उमटवीत. आज चार शाया वापरतात: आकाशी, गुलाबी, पिवळी व काळी. यांत निळी शाई नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. निळा रंग आकाशी व गुलाबी शाया एकमेकींवर चढवून साधावा लागतो. गुलाबीचा भार किंचित् अधिक झाला कीं निळ्याचें जांभळें होतें. लुगड्याचें झालें तें हेंच. पडद्यावरचा तो झगझगीत निळा रंग या चार शायांच्या आवांक्यांतच नव्हता. यंत्रानें त्यांतल्या त्यांत जवळचा रंग निवडला.

जुन्या चित्रकारांस हा भेद जन्मापासून अवगत असे, कारण त्यांच्यापाशीं प्रकाश देणारा पडदाच नव्हता. सावळाराम हळदणकर यांनीं १९४५ च्या सुमारास काढलेलें, हातांत दीप घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचें जलरंगांतील चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. त्यांतील उजेड पाहून दिवा खरोखर जळतो आहे असा भास होतो. परंतु जलरंगाच्या रीतींत सर्वांत मोठा उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. त्याहून उजळ कांहीं मिळावयाचें नाहीं. म्हणून भोंवतालचा अंधार किती धरावा याचा हिशेब आधीं करावा लागतो. पाटीवर वाढलेल्या मुलांस हा हिशेब आपोआप कळत नाहीं. तो सांगावा लागतो.

तिसरी गोष्ट चित्र सांठविण्याची. १९९२ सालीं ठरलेली जेपेग नांवाची एक रीत आहे. तींत चित्राचे आठ घरें रुंद व आठ घरें उंच असे चौकोन पाडतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक गाळून टाकतात. त्यामुळें चित्राचें ओझें फार हलकें होतें, आणि तें क्षणांत परगांवीं धाडतां येतें. परंतु गाळलेलें परत येत नाहीं. आणि तेंच चित्र उघडून, फेरफार करून, पुन्हां पुन्हां याच रीतीनें ठेवलें तर दर खेपेस आणखी कांहीं गळतें. मोबाईलवरून धाडतांना चित्र पुष्कळदां न विचारतां आणखी लहान केलें जातें. दिव्याच्या प्रभेंतले चौकोनी डाग ते हे. उपाय इतका सोपा कीं सांगावयास संकोच वाटावा: मूळ चित्र सर्व थरांसह जसेंच्या तसें जपून ठेवावें, आणि बाहेर पाठवावयाची ती नक्कल पाठवावी. छापखान्यास देण्याची नक्कल न गाळणाऱ्या रीतीनें केलेली असावी. दस्तऐवजाची मूळ प्रत कोणी शहाणा गृहस्थ पोस्टानें पाठवीत नाहीं, तोच न्याय.

या तीन गोष्टी झाल्या, कीं आमच्या मतें चित्रकाराचा तंबोरा लागला. यापलीकडे दुसरा वर्ग आहे, तो गरज पडेल तेव्हां विचारून घेण्याच्या गोष्टींचा. उदाहरणार्थ, यंत्रांतील १२८ हा आंकडा २५५ च्या निम्मा. परंतु पडद्यावरचा प्रकाश मात्र त्या वेळीं सुमारें बावीस टक्केच असतो. अंधारांतले फरक डोळ्याला अधिक सूक्ष्म दिसतात म्हणून आंकड्यांची वांटणी तशी केलेली आहे. याचा एक परिणाम असा कीं, कित्येक साधनांत तांबडा व हिरवा रंग मऊ कुंचल्यानें एकमेकांत मिसळला असतां मधोमध मळकट काळसर पट्टा उमटतो. चित्रकाराला त्यामागील सूत्र माहीत नसलें तरी चालेल. परंतु हा आपल्या हाताचा दोष नसून यंत्राच्या बेरजेचा आहे, आणि मधला रंग स्वतः निवडून घालतां येतो, एवढें त्यानें ऐकलेलें असावें. तसेंच पडद्यांच्या रंगांचें सर्वसामान्य मोजमाप १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालें. छापखान्याशीं बोलतांना त्या मोजमापाचा उल्लेख निघतो. तो निघाला म्हणजे विचारावें. आधींपासून उरावर घेऊं नये.

तिसरा वर्ग शुद्ध गणिताचा. संगणकावरील अक्षरांच्या व रेषाचित्रांच्या वळणदार रेषा ज्या गणितानें वळतात तें फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत पियेर बेझिये व पॉल द कास्टेलजो या दोघांनीं साधारण एकाच काळांत, निरनिराळें बसवून काढलें. मोटारीचें अंग गोलाईदार काढतां यावें हा त्यांचा हेतु होता. आज देवनागरीचीं वळणें पडद्यावर सुबक दिसतात त्यांतही त्याच गणिताचा वांटा आहे. तें फार सुंदर आहे. आवड असेल त्यानें जरूर शिकावें. परंतु तें न शिकतांही रेषेचीं टोकें ओढून वळण साधतां येतें, आणि वळण साधलें कीं नाहीं हें अखेर डोळाच सांगतो.

यावर आमचा पुतण्या म्हणेल, आणि तो म्हणालाही, कीं थोर कलावंतांस तर संपूर्ण शास्त्र अवगत होतें. दादासाहेब फाळके यांचें उदाहरण त्यानें दिलें. फाळके मुंबईच्या कलाशाळेंत व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. छायालेखन शिकले, छपाई शिकले. १९१२ सालीं विलायतेस जाऊन यंत्र घेऊन आले, आणि १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. हें सर्व खरें आहे. परंतु त्यांस सर्वच कां शिकावें लागलें, हेंही पाहिलें पाहिजे. त्या काळीं या देशांत त्या विद्येची मिरज नव्हती; तंबोरा घडविणाराच नसल्यामुळें गवयाला तो घडवावा लागला. जो नवी वाट पाडतो त्याला सर्वच करावें लागतें. आमच्या नातीपुढें वाट पडलेली आहे. तिनें तीवरून चालावयाचें आहे.

आत्याच्या पक्षालाही इतिहास अनुकूल नाहीं. लिओनार्दोसारख्या कलावंतानें १४९५ ते १४९८ च्या दरम्यान मिलान शहरीं येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचें भित्तिचित्र काढलें. ओल्या गिलाव्यावर घाईनें रंगविण्याची चालत आलेली रीत सोडून त्यानें कोरड्या भिंतीवर सावकाश रंगविलें. कल्पना त्याच्या हाताला सोयीची होती. भिंतीला ती मानवली नाहीं. थोड्याच वर्षांत रंगाचे पोपडे सुटूं लागले. डोळा व हात यांत त्याची बरोबरी करणारा कोण होता? तथापि भिंत आपल्या नियमानें वागली. उलटपक्षीं शास्त्र चित्रकाराच्या मदतीस कसें येतें याचा दाखला पॅरिसच्या गोबलँ येथील गालिच्यांच्या कारखान्याचा आहे. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रंगशाळेचा प्रमुख शेव्रल हा रसायनशास्त्री. त्यानें काळ्या लोंकरीची परीक्षा केली तों रंगांत खोट नव्हती. शेजारीं विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें काळा फिका भासत होता. रंग शेजाऱ्याप्रमाणें दिसतो, हा त्यानें काढलेला निष्कर्ष १८३९ सालीं ग्रंथरूपानें बाहेर आला आणि पुढें कित्येक चित्रकारांनीं त्याचा उपयोग करून घेतला. विणकरांस रसायनशास्त्र शिकावें लागलें नाहीं. परंतु त्यांतून निघालेलें एक वाक्य त्यांच्या कायमचें कामीं आलें.

आणखी एका धोक्याची सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें, कारण सुशिक्षित घरांत तो विशेष संभवतो. आपल्या घरांतून पुस्तकी अभ्यासाला मान मोठा. त्यामुळें मूल चित्र काढीत बसलें तर 'वेळ घालवितें' असें आपण म्हणतों, आणि चित्रकलेवरील ग्रंथ वाचीत बसलें तर 'अभ्यास करितें' असें म्हणतों. याचा परिणाम असा होतो कीं, बिघडण्याच्या भीतीनें मूल चित्राऐवजीं ग्रंथांचा आश्रय करूं लागतें. उत्तम साधन कोणतें, रंगांचें मोजमाप कोणतें, पाटी कितीची घ्यावी, या चौकशींत महिने जातात आणि रेघ एकही उठत नाहीं. वडील माणसांनीं महागडी पाटी आणून देण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, मूल साध्या कागदावर रोज कांहीं काढतें कीं नाहीं. काढीत असेल तर शास्त्र त्याच्यामागून चालत येईल. काढीत नसेल तर शास्त्रानें हात चालूं लागत नाहीं. छायाप्रकाश, प्रमाण, दूरनिकटतेचे नियम ही जुनी शिदोरी पाटीवरही तितकीच लागते. यंत्र श्रम वांचवितें, नजर देत नाहीं.

असो. आमच्या घरांत पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करितों. एका संध्याकाळीं आम्हीं पुतण्या व त्याची बहीण या दोघांस मुलीसमोर बसविलें आणि अट घातली, कीं पत्रिका कां बिघडली एवढेंच सांगावयाचें. जास्त नाहीं, कमी नाहीं. पुतण्यानें घरें मोजून दाखविलीं, शायांचा हिशेब सांगितला. आत्यानें तेंच रंगपेटी काढून कागदावर करून दाखविलें. आकाशीवर गुलाबी चढतांच निळ्याचें जांभळें होतांना मुलीनें डोळ्यांनीं पाहिलें. ती पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे माझें चित्र चांगलेंच होतें?" दोघेही गप्प बसले. तिला जें हवें होतें तें तीन ग्रंथांतही नव्हतें व आत्याच्या कौतुकांतही नव्हतें; आपली चूक कोठें संपते हें तिला जाणून घ्यावयाचें होतें.

दुसऱ्या आठवड्यांत तिनें तेंच चित्र वहिनींच्या खोलींत लावण्यासाठीं मोठ्या घरांचें करून पुन्हां काढलें. या खेपेस ती स्वतः छापखान्यांत गेली आणि छापण्याआधीं निळ्या रंगाचे तीन नमुने कागदावर घेऊन आली. तिन्हींपैकीं एकही पाटीवरच्या निळ्यासारखा झगझगीत नव्हता, आणि म्हणून ती खट्टू होती. वहिनींनीं ते नमुने हातांत घेतले, जागच्या उठल्या, पेटी उघडून तें लुगडें बाहेर काढलें व खिडकीपाशीं उजेडांत त्यावर एकेक नमुना ठेवून पाहिला. "अग, पाटीवरचा तो निळा दिवाळीच्या विजेच्या माळेसारखा होता," त्या म्हणाल्या. "माझें लुगडें असें कधींच नव्हतें. हा मधला खरा." कापडही शाईसारखेंच, स्वतः प्रकाशत नाहीं, उजेड परत देतें. जें पुतण्यानें सूत्रांतून सांगितलें असतें तें वहिनींना पन्नास वर्षें तें लुगडें घडी करून ठेवल्यानें ठाऊक होतें.

अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशीं गेला. तीन ग्रंथांपैकीं दोन काकाच्या कपाटांत परतले. एक मुलीच्या टेबलावर आहे, आणि त्यांत मधून मधून खुणेचे कागद दिसतात. मधल्या निळ्याचें चित्र वहिनींच्या खोलींत लागलें आहे. परंतु जांभळ्या लुगड्याची ती पहिली पत्रिकाही त्यांनीं आपल्या पोथींत ठेवली आहे. नातीनें ती दोनदां काढून नेली. वहिनींनीं ती दोनदां परत मागून घेतली.